मदत हवी आहे: परवा इंटरव्ह्यू आणि हात थरथरतात

ग्राइंडिंग_व्हील (सोमवार, रात्री ९:१२)
परवा सकाळी १० ला नाशिकला अंबडच्या कारखान्यात इंटरव्ह्यू आहे. मागच्या दोन्ही वेळी हात थरथरले आणि घालवलं. येत असूनही घालवलं. काहीतरी उपाय सांगा, जरा लवकर. 'आत्मविश्वास ठेव' नको, ते आई रोज सांगते.

पिंपळपार
कसला इंटरव्ह्यू? कुठली पोस्ट? फ्रेशर की अनुभवी? अंबडला नट-बोल्टपासून स्विचगिअरपर्यंत सगळं बनतं. काही तरी लिहा की.

निवांत_नाना
एचआरमध्ये आयुष्य गेलं, म्हणून सांगतो. बायोडेटा दोन पानांच्या वर नको. त्यात वडिलांचं नाव, उंची, 'छंद: वाचन' हे सगळं काढा. खाली सही करून तारीख घाला. आमच्याकडे एकाने बायोडेटाला लग्नाचा फोटो लावला होता, मागे मांडवसुद्धा दिसत होता.

ग्राइंडिंग_व्हील
नाना, बायोडेटा बघूनच बोलावलंय हो. क्वालिटीची पोस्ट आहे. डिप्लोमा मेकॅनिकल, ४ वर्षं लाइन इन्स्पेक्शन, कॉन्ट्रॅक्टवर. आता हाताचं सांगा.

कोथिंबीरवडी
मूळ भीती इंग्रजीची असते. रोज आरशासमोर इंग्रजी पेपर मोठ्याने वाचायचा, २१ दिवसांत फरक पडतो. माझ्या मुलाचं असंच झालं.

बोअरगेज
ताई, इंटरव्ह्यू परवा आहे, २१ दिवस कुठून आणायचे? आणि शॉप फ्लोअरवर मराठी-हिंदीच चालते. कस्टमर ऑडिट असलं तरच इंग्रजी लागतं.

कोथिंबीरवडी
तुमच्या शॉप फ्लोअरवर चालत असेल. मोठ्या कंपनीत पॅनेलवर पुण्या-मुंबईची माणसं येतात. मी अनुभवाने बोलतेय.

ग्राइंडिंग_व्हील
इंग्रजीचा प्रश्नच नाहीये!! हातात व्हर्नियर (जबड्यात धरून व्यास-जाडी मोजायचं माप) देतात ना, तेव्हा होतं. मागच्या वेळी क्यूए (क्वालिटी) लॅबमध्ये नेलं. ग्रॅनाइटची सरफेस प्लेट, पलीकडे मॅनेजर हाताची घडी घालून उभे. मी बुशचा ओडी (बाहेरचा व्यास) घ्यायला गेलो तर जबडे जॉबवर, म्हणजे त्या तुकड्यावर, टक टक टक टक वाजायला लागले. एसीच्या खोलीत तो आवाज केवढा मोठा येतो! जॉब हातातून सुटून प्लेटवर गडगडत गेला. ते फक्त 'राहू द्या' म्हणाले. रोज दोन-दोनशे जॉब मोजलेत हो मी.

बोअरगेज
हे पहिल्या ओळीत लिहायचं ना भाऊ! आता ऐका. उभ्याने, हवेत धरून मोजूच नका. 'बसू का?' विचारा, कुणी नाही म्हणत नाही. दोन्ही कोपरं टेबलावर टेकवा, निम्मी थरथर तिथेच मरते. मग लगेच जॉबला हात लावू नका. आधी जबडे पुसा, मिटवून उजेडाकडे धरा, झीरो एरर बघा (मिटल्यावर शून्यच दाखवतो का) आणि ते मोठ्याने बोला: 'झीरो चेक करतोय, लीस्ट काउंट (सर्वात बारीक माप) ०.०२ मिमी.' तेवढ्यात हाताला अर्धा मिनिट मिळतो आणि समोरच्याला कळतं की याला काम येतं. रीडिंग घेतल्यावर लॉक स्क्रू आवळा, व्हर्नियर जॉबवरून काढा आणि मग निवांत वाचा. चढवलेल्या अवस्थेत वाचायचा हट्ट नको. तीन ठिकाणी मोजा, म्हणजे ओव्हॅलिटीही (गोलाईतला फरक) कळते. मायक्रोमीटर दिला तर रॅचेटनेच फिरवा, दाब तोच सांभाळतो.
मी स्वतः घेतो असे इंटरव्ह्यू. थरथरणाऱ्याला नापास करत नाही. झीरो न बघता मोजणाऱ्याला करतो.

मिसळ_जाळ
राहता कुठे? नाशिकरोडकडून येणार असाल तर सकाळी द्वारका चौक टाळा. अर्धी घबराट तिथेच होते. वडाळा-पाथर्डी रस्त्याने या.

पिंपळपार
वडाळ्याचा रस्ता सकाळी काय मोकळा असतो का? शाळेच्या रिक्षा बघितल्या आहेत का तिथल्या?

मिसळ_जाळ
रोज जातो मी. तुम्ही बहुतेक गंगापूर रोडवर बसून लिहिताय.

शांत_झोप
एवढा काथ्याकूट कशाला? प्रोप्रानोलोल नावाची गोळी मिळते. माझी भाची गाण्याच्या स्पर्धेआधी घेते, ना धडधड ना थरथर. तासभर आधी एक घ्यायची, विषय संपला.

औषधाचं_दुकान
विषय संपत नाही. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची गोळी आहे. नाडी मंदावते, आणि दमा असेल तर धाप लागून जिवावर बेतू शकतं. धागाकर्ते, तुम्हाला दमा, बीपी काही आहे का?

ग्राइंडिंग_व्हील
दमा आहे, लहानपणापासून. पण त्याचा इथे काय संबंध, म्हणून लिहिलं नाही. थंडीत आणि धुळीत होतो, एरवी काही नाही.

औषधाचं_दुकान
मग ती गोळी डोक्यातून काढूनच टाका. आणि पंप वापरता का? निळा? इंटरव्ह्यूच्या दिवशी घेतला होता का?

ग्राइंडिंग_व्हील
हो, निळा. गेटवर एंट्री करताना दोन पफ मारतो, आत दम लागू नये म्हणून. दोन्ही वेळी मारले होते. का?

औषधाचं_दुकान
दम लागला होता का?

ग्राइंडिंग_व्हील
नाही. सेफ्टी म्हणून.

औषधाचं_दुकान
निळा म्हणजे बहुतेक सालब्युटामोल. हाताला बारीक थरथर आणि छातीत धडधड हे त्याचे नेहमीचे दुष्परिणाम आहेत, थोड्या वेळाने ओसरतात. म्हणजे तुम्ही थरथर गेटवरच विकत घेऊन आत जात होता. पण म्हणून पंप घरी ठेवून जाऊ नका! खिशात असू द्या, धाप लागली तर घ्यायचाच. विनाकारण घ्यायचा की नाही ते उद्या तुमच्या डॉक्टरांना विचारा, माझ्यावर जाऊ नका.
चहाचं पण सांगा.

ग्राइंडिंग_व्हील
टपरीवर दोन कटिंग. रिकाम्या पोटी. सकाळी घास उतरत नाही.

बोअरगेज
अरे देवा. पंप, चहा आणि उपाशी. व्हर्नियर नाचणार नाही तर काय!

निवांत_नाना
एक राहिलं. 'आधीची नोकरी का सोडली' हे विचारतातच. तिथे मागच्या मालकाला नावं ठेवू नका.

ग्राइंडिंग_व्हील
सोडली नाही नाना, कॉन्ट्रॅक्ट संपलं.

निवांत_नाना
मग तेवढंच सांगा आणि गप्प बसा. लोक तिथे पुढे पाच मिनिटं बोलतात आणि फसतात.

शांत_झोप
माझ्या भाचीला दुसरा नंबर मिळाला होता, एवढंच सांगायचं होतं.

ग्राइंडिंग_व्हील (बुधवार, दुपारी २:४०)
आलो. काल डॉक्टरांकडे गेलो. म्हणाले, त्रास नसताना उगाच मारायचा नाही, लागलाच तर मात्र मागेपुढे बघू नको. पंप खिशातच राहिला. आईने पोळी-गूळ खायला लावला, चहा नाही. वडाळ्याने गेलो, २० मिनिटं आधी पोचलो (पिंपळपार, रिक्षा होत्या, पण पुढे सरकत होत्या).
व्हर्नियर दिलाच. हात पूर्ण थांबला नाही, खोटं कशाला बोलू. कोपरं टेकवली, झीरो बघितला. ०.०४ प्लस निघाला! रीडिंगमधून वजा करून सांगितलं. साहेबांनी काही न बोलता व्हर्नियर घेतला, स्वतः उजेडात धरून बघितला आणि बाजूच्या मुलाकडे नुसतं वळून बघितलं.
मग ७ क्यूसी टूल्स (क्वालिटीचे प्रश्न शोधायच्या सात ठरलेल्या पद्धती) विचारले. सहा सांगितले आणि अडलो. सातवं सिटीलिंक बसच्या स्टॉपवर आठवलं. स्कॅटर डायग्राम.

बोअरगेज
०.०४ प्लस! बहुतेक मुद्दामच ठेवला असणार, मी पण ठेवतो. सहामध्ये फ्लोचार्ट धरला होता का?

ग्राइंडिंग_व्हील
हो.

बोअरगेज
मूळ यादीत फ्लोचार्ट नाही, स्ट्रॅटिफिकेशन (आकडेवारी गटवार वेगळी करणं) आहे.

पिंपळपार
आमच्या कंपनीच्या भिंतीवरच्या बोर्डावर फ्लोचार्टच आहे. दोन्ही चालतं.

बोअरगेज
भिंतीवर काहीही लावतात.

ग्राइंडिंग_व्हील (गुरुवार, सकाळी ११:०५)
फोन आला!! शनिवारी दुसरा राउंड. काय विचारतात सांगा, लवकर.

पिंपळपार
कोण घेणार आहे? टेक्निकल की एचआर? फोनवर नक्की काय म्हणाले? या वेळी तरी सगळं लिहा.