सोची १०, रोस्तोव १ : तो सामना व्हायलाच हवा होता का?

डावा_बॅक

रशियन प्रीमियर लीग या फुटबॉल स्पर्धेचा २०१९-२० चा हंगाम झेनित क्लबने जिंकला. ७२ गुण, दुसऱ्या नंबरच्या लोकोमोतिव्हपेक्षा १५ जास्त. चार फेऱ्या बाकी असतानाच, ५ जुलैला, क्रास्नोदारला त्यांच्याच मैदानावर ४-२ हरवून त्यांनी विजेतेपद पक्कं केलं. झ्युबा आणि इराणचा अझमून यांचे प्रत्येकी १७ गोल. हे सगळं खरं, पण त्या हंगामाचा विषय निघाला की माझ्या डोळ्यांसमोर झेनित येत नाही. येतो तो १९ जून २०२० चा, सोचीतल्या फिश्त स्टेडियमवरचा सामना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोरोनामुळे लीग मार्चमध्ये थांबली होती. ३० पैकी २२ फेऱ्या झाल्या होत्या. १९ जूनला खेळ परत सुरू व्हायचा होता आणि अगदी तोंडावर रोस्तोवचे सहा खेळाडू पॉझिटिव्ह निघाले. अख्खा मुख्य संघ दोन आठवडे विलगीकरणात. रोस्तोवने सामना पुढे ढकला म्हणून विनवलं. नियम असा की समोरचा संघ तयार असेल तरच सामना पुढे जाईल. सोची तयार झालं नाही. मग रोस्तोवने १६ ते १९ वयाची आपली युवा संघातली पोरं विमानात बसवली आणि पाठवून दिली.

पहिल्याच मिनिटाला रोमान रोमानोव्ह या १७ वर्षांच्या मुलाने गोल केला. रोस्तोव १, सोची ०. पुढे काय झालं ते शीर्षकात आहेच. गोलमध्ये डेनिस पोपोव्ह उभा होता, तोही १७ चा. दहा गोल खाल्ले, पण पंधरा अडवले. लीगच्या इतिहासात एका सामन्यात इतके शॉट कुणी अडवले नव्हते. शिवाय एक पेनल्टी अडवली. सामनावीर तोच.

माझं मत स्पष्ट आहे. सोचीने त्या दिवशी तीन गुण कमावले आणि इज्जत घालवली. समोर चौथ्या क्रमांकाचा संघ असायला हवा होता, तिथे कॉलेजात जायच्या वयाची मुलं उभी होती. सोचीकडे तेव्हा कोकोरिन, नोबोआ असे मुरलेले खेळाडू होते. 'नाही' म्हणायचा हक्क होता, मान्य. पण प्रत्येक हक्क बजावलाच पाहिजे असं थोडंच आहे?

नियमावली

धागाकर्त्याच्या भावना पोचल्या, पण मी पूर्ण विरोधात आहे.

सोचीची तेव्हाची अवस्था बघा. प्रीमियर लीगमधलं त्यांचं पहिलंच वर्ष. सेंट पीटर्सबर्गचा दिनामो क्लब २०१८ मध्ये उचलून सोचीला आणला, तेव्हा हा क्लब जन्माला आला. तालिकेत ते तळाच्या गर्दीत अडकले होते. त्या वर्षी रेलिगेशनच्या, म्हणजे खालच्या श्रेणीत कोण घसरणार हे ठरवणाऱ्या, प्लेऑफ लढती रद्द केल्या होत्या. म्हणजे शेवटचे दोन थेट खाली, आणि खालून रोतोर व खिमकी थेट वर. चुकलात तर सावरायला दुसरी संधी नाही. आठ फेऱ्या पाच आठवड्यांत उरकायच्या, मधे कपचे सामने. अशात एक सामना 'नंतर बघू' म्हणून ठेवायचा, तर नंतर म्हणजे नेमका कधी? आणि उद्या सोचीचेच खेळाडू पॉझिटिव्ह निघाले असते तर?

क्लबच्या पदाधिकाऱ्यांचं पहिलं कर्तव्य आपल्या क्लबशी असतं. शंभरेक माणसांची नोकरी त्या एका जागेवर अवलंबून असते, त्यात मैदान राखणारेही आले आणि स्वयंपाकघरातलेही.

दुसरं, मुलांना मैदानात सोचीने उतरवलं नाही, रोस्तोवने उतरवलं. संघ पाठवला नसता तर ०-३ असा निकाल लागला असता आणि विषय संपला असता. याच लीगमधल्या ओरेनबुर्ग संघाच्या वाट्याला त्याच उन्हाळ्यात असा न खेळता ०-३ आला. त्यावर कुणी धागा काढत नाही.

मृद्गंध

नियमावली, ओरेनबुर्गचं उदाहरण तुम्हीच दिलंत ते बरं केलंत. तो संघ शेवटच्या, म्हणजे १६ व्या स्थानावर राहून खाली गेला. आजारपणामुळे न खेळता सामना गमावलेला संघ खाली गेला, आणि समोर मुलं आली म्हणून दहा गोल करणारा संघ १२ व्या स्थानावर सुखरूप राहिला. ओरेनबुर्ग कदाचित तसंही खाली गेलंच असतं, तो मुद्दा नाही. तापाने कुणाला गाठलं यावर गुण वाटले गेले, हा मुद्दा आहे.

मी शाळेत खेळ शिकवते. सोळा-सतरा वर्षांची मुलं आणि तिशीतले व्यावसायिक खेळाडू यांच्यातला फरक फक्त कौशल्याचा नसतो. हाडं अजून भरायची असतात. खांद्याला खांदा लागला की मूल उडून पडतं. सरावात आम्ही अकरावीच्या मुलांना माजी विद्यार्थ्यांशी खेळवतो तेव्हासुद्धा मी शिट्टी तोंडातून काढत नाही. त्यात ही मुलं तीन महिन्यांच्या टाळेबंदीनंतर मैदानात आली होती. स्कोअर दहा झाला की शंभर, मला त्याचं एवढं वाटत नाही. कुणाचा गुडघा गेला असता तर त्याची जबाबदारी कुणी घेतली असती? सोचीने, लीगने की रोस्तोवने?

रात्रपाळी

मी हा सामना लाइव्ह पाहिला होता. त्या दिवसांत घरात कोंडून बसलो होतो, जे दिसेल ते फुटबॉल बघायचो. जर्मनीची बुंडेसलिगा मे महिन्याच्या मध्यावर सुरू झाली होती, त्यानंतर मिळेल ती लीग.

पहिला गोल झाला तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो, एवढं सांगतो. ०-१ ही पाटी फार वेळ टिकली नाही, पण टिकली तोवर वाटत होतं की आज जगात काहीही होऊ शकतं. मध्यंतराला ४-१.

आता मुद्द्याचं. डावा_बॅक, सोचीच्या 'नाही'बद्दल माझं तुमच्याशी भांडण नाही. पण 'मुरलेले खेळाडू मुलांवर तुटून पडले' असा जो सूर निघतोय तो मला पटत नाही. त्यांनी काय करायला हवं होतं? चार गोल झाल्यावर मधल्या फळीत चेंडू फिरवत बसायचं? सतरा वर्षांच्या खेळाडूला याहून मोठा अपमान नाही. समोरचा जीव तोडून खेळला तरच तुमचा बचाव हा बचाव ठरतो. त्या दिवशी पोपोव्ह सामनावीर झाला तो सोचीने शेवटपर्यंत मारा थांबवला नाही म्हणूनच.

डावा_बॅक

रात्रपाळी, हे मान्य. मैदानातल्या खेळाडूंवर माझा राग नाही, निर्णय घेणाऱ्यांवर आहे. मूळ लिखाणात दोन्ही एकत्र झालं खरं.

नियमावली, 'मुलं रोस्तोवने उतरवली' हे म्हणणं मात्र मला अर्धवट वाटतं. रोस्तोव चौथ्या जागेवर होतं, युरोपची स्वप्नं बघत होतं. हा मोठ्या पैशांचा क्लब नव्हे. २०१६ मध्ये प्रशिक्षक बर्दियेव्हच्या हाताखाली लीगमध्ये दुसरे आले, त्याच वर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये बायर्नला घरच्या मैदानावर ३-२ हरवलं, तेच हे रोस्तोव. २०२० मध्ये कारपिन प्रशिक्षक. अशा क्लबने न खेळता घरी बसायचं नाकारलं, याचा दोष त्यांना देणार? आगीत उडी मारायची की घर जळू द्यायचं, असे दोनच पर्याय ठेवल्यावर 'उडी तर तूच मारलीस' म्हणणं सोपं आहे.

पंचगंगा

मी कोल्हापूरचा, गोलकीपर. तालमीच्या संघाकडून खेळलोय, त्यामुळे या धाग्यावर गप्प बसवत नाही.

मी सोळाचा असताना आमच्या संघाचा मोठा गोलकीपर आजारी पडला आणि मला उभं केलं. पावसाने मैदानाचा चिखल झालेला. हातमोजे त्याचेच, माझ्या बोटांच्या पुढे अर्धा इंच रिकामे. सात गोल खाल्ले. तिसऱ्या गोलनंतर प्रेक्षकांचा आवाज ऐकू येईनासा झाला. पाचव्यानंतर जाळीतून चेंडू काढताना आमचा सेंटर बॅक जवळ आला, माझ्या मनगटावरचा पट्टा सुटला होता तो त्याने घट्ट बांधला आणि काही न बोलता परत गेला. पुढच्या वीस मिनिटांत मी दोन चांगले चेंडू काढले. ते दोन मला आजही कुठल्या बाजूला कसे आले ते सांगता येतील. सात गोलांपैकी तीन आठवत नाहीत.

म्हणून मृद्गंध ताई, तुमची काळजी खरी आहे, पण त्या पोरांना बिचारी म्हणू नका. पोपोव्हला विचारलंत की बाबा, हा सामना रद्द झाला असता तर बरं झालं असतं का, तर तो काय म्हणेल ते मी सांगू शकत नाही. मला कुणी विचारलं तर मी नाही म्हणेन. माझा चिखलातला दिवस मला हवाय.

मृद्गंध

पंचगंगा, मनापासून लिहिलंत, दोनदा वाचलं. तरी थोडी असहमत आहे. तुमच्या संघाने तुम्हाला एकट्याला मोठ्यांबरोबर उभं केलं. पट्टा बांधायला तो सेंटर बॅक होता. सोचीला गेलेल्या अकरापैकी अकरा मुलंच होती. कुणी कुणाचा पट्टा बांधायचा?

आणि 'त्यातून तो घडला' हे आपण नंतर म्हणतो. जो घडला नाही, ज्याने त्यानंतर खेळच सोडला, तो अशा चर्चेत लिहायला येत नाही. माझ्या शाळेतली अशी दोन मुलं मला माहीत आहेत.

नियमावली

भावनेचा मुद्दा बाजूला ठेवून एक विचारतो. पर्याय काय होता? हॉलंडने एप्रिलमध्ये लीग बंदच केली. आयाक्स आणि अल्कमारचे गुण सारखे, विजेता कुणीच नाही. कुणी खाली नाही, कुणी वर नाही. दुसऱ्या श्रेणीत पहिला असलेला कांबूर तिथेच राहिला. फ्रान्सने एप्रिलअखेर गाशा गुंडाळला आणि सरासरीवर निकाल लावले. तिथे अन्याय झाला नाही? रशियाने निदान मैदानात निकाल लावला.

आणि ही गोष्ट फक्त रशियातली नाही. जानेवारी २०२१ मध्ये ॲस्टन व्हिलाच्या मुख्य संघात कोरोना पसरला, त्यांनी एफए कपमध्ये लिव्हरपूलसमोर मुलंच उतरवली. ४-१ हरले. लुई बॅरी नावाच्या मुलाने बरोबरी साधणारा गोल केला तेव्हा सगळं जग टाळ्या वाजवत होतं. लिव्हरपूलला कुणी निर्लज्ज म्हटलं नाही.

रात्रपाळी

व्हिलाचं उदाहरण इथे नीट बसत नाही. तो कप होता, एक हरला की एक बाहेर, तिसऱ्या कुणाचं काही बिघडत नाही. लीगमध्ये प्रत्येक निकालाचा धक्का तिसऱ्याला बसतो. समारातला क्रिल्या सोव्हेतोव्ह १५ वा येऊन खाली गेला. त्यांच्या चाहत्याच्या जागी बसा. तुमच्याच आसपास असलेला प्रतिस्पर्धी चौथ्या क्रमांकाच्या संघाशी खेळणार म्हणून तुम्ही आशेवर आहात, आणि त्याला मिळतो युवा संघ. त्या चाहत्याला ना सोचीने विचारलं, ना रोस्तोवने. सामना पुढे ढकलायचा की नाही हे दोन क्लबांनी आपसात ठरवायचं, ही कल्पनाच लीगमध्ये चुकीची आहे.

मला जवळचं वाटतं ते पोर्तुगालचं उदाहरण. नोव्हेंबर २०२१, बेलेनेन्सेस विरुद्ध बेनफिका. बेलेनेन्सेसकडे उभे राहायला नऊच जण. मध्यंतराला ०-७, दुसरा हाफ सुरू झाला न झाला तोच सामना थांबला, कारण सात खेळाडूसुद्धा उरले नाहीत. सोचीचा सामना होऊन सव्वा वर्षाच्या वर उलटलं होतं, आणि तरीही तिथे ती वेळ आली.

डावा_बॅक

रात्रपाळी, क्रिल्या सोव्हेतोव्हचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. तो वाचल्यावर माझं मत थोडं सरकलं. आधी मी सोचीला मुख्य आरोपी मानत होतो. आता मला लीग जास्त दोषी वाटते. मार्च ते जून असे तीन महिने हातात होते. संघाचा संघ आजारी पडू शकतो हे ओळखायला ज्योतिषी लागत नव्हता. चार राखीव तारखा ठेवायच्या आणि निर्णय लीगने स्वतः घ्यायचा, एवढंच करायचं होतं. ते न करता त्यांनी होकाराचं ओझं त्या संघावर टाकलं ज्याला होकार सगळ्यात महाग पडणार होता.

तरी सोची सुटत नाही माझ्या लेखी. १५ जून २०१८ ला याच फिश्तवर रोनाल्डोने स्पेनविरुद्ध तीन गोल केले, ३-३, आपल्यापैकी किती जणांनी रात्र जागून पाहिला असेल तो सामना. सोची हे नाव तेव्हा मला रोनाल्डोच्या फ्री किकमुळे कळलं होतं. दोन वर्षांनी तेच नाव दुसऱ्या कारणाने लक्षात राहिलं, याचं खरंच वाईट वाटतं.

नियमावली

राखीव तारखांचा मुद्दा मान्य. त्यावर आपलं एकमत. सोचीला दोषी मी अजूनही म्हणणार नाही, नियम वाईट असेल तर तो पाळणाऱ्याला का फटकारायचं?

पंचगंगा

रोस्तोव शेवटी पाचवे आले, हे कुणी लिहिलंच नाही. तेवढ्यावर युरोपा लीगची पात्रता फेरी मिळाली आणि सप्टेंबरमध्ये मक्काबी हैफाकडून १-२ हरून बाहेर पडले.

आणि ताई, तुमचा पट्ट्याचा प्रश्न दिवसभर डोक्यात होता. सामन्याचे हायलाइट्स परत लावून बघितले. पेनल्टी अडवतो तिथे थांबवून तीनदा पाहिलं. पोपोव्ह आधी हलत नाही, मारणाऱ्याच्या पायाकडे बघत थांबतो. माझ्या वयाच्या सोळाव्या वर्षी मला ते जमलं नव्हतं, मी प्रत्येक वेळी आधीच उडी मारायचो. तुमच्या त्या दोन मुलांपैकी कुणी गोलकीपर होता का?

मृद्गंध

एक होता. आता तो त्याच्या धाकट्या भावाला सोडायला मैदानावर येतो, कडेला उभा राहतो. उद्या त्याला पोपोव्हची ती पेनल्टी दाखवते.