तिकिटाचा डेटा बघून बस वाढवायच्या, यात चूक काय?

अर्धवट_इंजिनिअर:
प्रोजेक्टचा विषय आहे, स्मार्ट ट्रान्सपोर्ट वापरून गरीब, दुर्लक्षित वस्त्यांना मदत कशी करायची. माझा प्लॅन साधा होता, तिकीट मशीनचा डेटा घ्यायचा, कुठल्या स्टॉपवर किती लोक चढतात ते बघायचं आणि जास्त गर्दी असेल तिथे फेऱ्या वाढवायच्या. सर म्हणाले यात मोठी गडबड आहे, शोधून काढ. दोन दिवस डोकं खाजवतोय, कुणी सांगेल का?

नकाशावेडा:
अरे तिकीट फक्त चढलेल्याचं निघतं ना! जिथे बसच जात नाही तिथे तुझ्या एक्सेलमध्ये शून्य येणार, आणि शून्य म्हणजे मागणी नाही असं धरून तू उरलीसुरली फेरीही बंद करणार. पहाटे चारला सफाईच्या कामाला चालत जाणारी बाई तुझ्या डेटात आहे का? नाही. म्हणून उलटं कर, वस्तीतून पाऊण तासात किती दवाखाने, शाळा, कामाच्या जागा गाठता येतात ते मोज, आणि पहाटेचं, रात्रीचं वेगळं मोज, कारण दुपारी सगळं छानच दिसतं. जीटीएफएस फाइल म्हणजे मार्ग, स्टॉप, वेळापत्रक, ती मिळाली की ओपनट्रिपप्लॅनर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे मोजता येतं, फुकट आहे.

अर्धवट_इंजिनिअर:
हे डोक्यातच आलं नव्हतं राव. पण मी बघतोय तिथे खाजगी मिनीबस चालतात, वेळापत्रक नाही, जीटीएफएस कुठून आणू?

सिग्नल_लाल:
नैरोबीचं डिजिटल मटाटू बघ. तिथल्या मटाटू म्हणजे अशाच खाजगी मिनीबस, मुलांनी मोबाईल घेऊन त्यात बसून मार्ग आणि थांबे नोंदवले, १०० च्या वर मार्ग झाले, २०१४ मध्ये नकाशा छापला आणि तो शहराने अधिकृत म्हणून घेतला. सेन्सर वगैरे काही नाही, फोन आणि पाय.

जुना_कंडक्टर:
आणि भारी गाड्यांच्या नादी लागू नकोस. अमेरिकेतल्या कोलंबसने २०१६ मध्ये ७८ शहरांना मागे टाकून स्मार्ट सिटी स्पर्धा जिंकली, सरकारचे ४ कोटी डॉलर मिळाले. लिंडन या गरीब भागात २०२० मध्ये विनाचालक शटल आणली, ती अचानक थांबली आणि एक प्रवासी सीटवरून पडली, झालं, दोन आठवड्यांत माणसं नेणं बंद. पुढे तीच गाडी धान्याची खोकी पोचवायला वापरली, आणि ते मात्र लोकांच्या खरंच कामी आलं. त्याच प्रकल्पात गरोदर बायकांना डॉक्टरकडे नेण्या-आणण्याची सोय होती, ॲपवरून किंवा साधा फोन करून गाडी बोलवायची. मला विचारशील तर मी तो फोन नंबर आधी ठेवेन, ॲप नंतर.

नकाशावेडा:
७८ ना नाही, ७७ ना मागे टाकलं, ७८ मध्ये कोलंबस पण आलं की 😄 बाकी सहमत.

अर्धवट_इंजिनिअर:
ठरलं मग, शनिवारी पहाटे चारला मिनीबसमध्ये बसून मोजणी सुरू. पॉवरबँक कुणाकडे आहे?