फॅक्ट-चेकवर तरी विश्वास का ठेवायचा?

नेरुळकर:
सोसायटीच्या ग्रुपवर परवा व्हिडिओ आला, मोरबे धरणाचे दरवाजे उघडले, खालच्या गावांना धोका वगैरे. बाबांनी लगेच सगळ्या नातेवाइकांना पाठवला. मी सर्च करून दाखवलं की व्हिडिओ जुना आहे आणि भलत्याच धरणाचा आहे, फॅक्ट-चेकची लिंकपण दिली. तर म्हणतात, "व्हिडिओ निदान डोळ्यांना दिसतोय, तुझा फॅक्ट-चेकवाला कोण टिकोजीराव लागून गेला?" खरं सांगू, मला उत्तरच सुचलं नाही. तुम्ही काय म्हणाला असता?

घोडबंदरचा_ट्रॅफिक:
बाबांचा प्रश्न बरोबरच आहे की. पण "डोळ्यांना दिसतं" म्हणतात तर २१ सप्टेंबर १९९५ आठवायला सांग, गणपती दूध प्यायला तो दिवस. चमच्यातलं दूध खरंच कमी होत होतं, बघणारे खोटं बोलत नव्हते. शास्त्रज्ञांनी दुधात रंग घातला तेव्हा कळलं की ते पातळ थर होऊन मूर्तीवरून खाली ओघळतंय, पृष्ठताणामुळे. म्हणजे दिसलं ते खरं, अर्थ चुकला. आणि हे कुणीही घरी करून बघू शकतं, टिकोजीरावाची गरजच नाही. तो सर्चपण बाबांच्याच फोनवर त्यांनाच करायला लाव.

कट्टेकरी_ठाणे:
सगळं घरी करून बघता येत नाही राव. डॉक्टर बीपीची गोळी देतो तेव्हा आपण काय लॅब उघडतो? कुणावर तरी भरवसा टाकावाच लागतो. मी एवढंच बघतो की चुकल्यावर हा माणूस दुरुस्ती छापतो की गुपचूप डिलीट मारतो. आणि स्वतःबद्दलचं खरंखोटं स्वतःच ठरवणाऱ्यापासून लांब, मग ते सरकार का असेना. केंद्राने २०२३ मध्ये आपल्याच कारभाराच्या बातम्यांसाठी आपलंच फॅक्ट-चेक युनिट नेमायचा नियम आणलेला, मुंबई हायकोर्टाने सप्टेंबर २०२४ मध्ये तो रद्द केला. बरंच झालं.

वर्तकनगरची_सूनबाई:
यात श्रद्धाळू माणसांना भोळं धरू नका हं. माझ्या सासूबाई दर सोमवारी कौपिनेश्वरला जातात, पुरावा मागत नाहीत, मीपण मागत नाही. त्यांनाच 'डिजिटल अरेस्ट'चा, म्हणजे तोतया पोलीस फोनवरच अटकेची भीती घालून पैसे उकळतात तसला, व्हिडिओ कॉल आला, खाकी वर्दी, मागे अशोकस्तंभ, सगळा थाट. म्हणाल्या, "पत्ता सांगा, मुलाला घेऊन चौकीतच येते." समोरून फोन कट! असली अटक कायद्यातच नाही हे त्यांना माहीतसुद्धा नव्हतं. महादेव पैसे ट्रान्सफर करायची घाई करत नाही ना.

नेरुळकर:
भारी आहेत सासूबाई! १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवून ठेवा. हायकोर्टाचं बाबांना पटेल बहुतेक. दुधाचं मात्र काढत नाही, त्या दिवशी ते स्वतः वाटी-चमचा घेऊन लाइनीत होते.