सहा दिवसांच्या डुकराच्या पिल्लांना हगवण : डाळिंबाची साल, बेल किती द्यावं?

गोदाकाठ, नांदेड :
यॉर्कशायर डुकरीण व्याली त्याला सहा दिवस झाले. कालपासून पिल्लांना पिवळी, पाण्यासारखी हगवण आहे, त्यात न पचलेलं दूध दिसतं. दोन पिल्लं ओकतायत. डॉक्टरांनी व्हायरल असावं असं सांगितलं. घरी डाळिंबाची साल, सुंठ, हळद आहे, दारात बेलाचं झाड आहे. काय, किती आणि कसं द्यावं?

काळी माती, परभणी :
गूळ-मीठ पाणी चालू करा. जनावरांच्या हगवणीचा जिरे, मेथी, मिरे, हिंग, गुळाचा लाडू असतो, तोच थोडा थोडा चाटवा.

उदगीरकर :
भाऊ, गूळ-साखर अजिबात नको. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या आतड्यात साखर पचवणारं विकर (एन्झाइम) जवळजवळ नसतं. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते आणि हगवण वाढते. तो लाडू मोठ्या गाई-म्हशींसाठी आहे, त्यातही गूळ असतोच.

या हगवणीत पिल्लू मरतं ते अंगातलं पाणी आटून आणि गारठून. व्हायरस आतड्याच्या आतली बारीक लव झडवतो, मग दूध पचत नाही. ती लव परत येईपर्यंत पिल्लू तगवायचं, एवढंच आपल्या हातात आहे. म्हणून आधी ओआरएस. २०.५ ग्रॅमचं पाकीट (डब्ल्यूएचओ फॉर्म्युला, त्यात ग्लुकोज असतं, ते साखरेसारखं पचवावं लागत नाही) १ लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात घाला. चवीची तयार सरबतं नकोत. दर दोन-तीन तासांनी १० ते १५ मिली, रात्रीसुद्धा. सुई काढलेली सिरिंज गालाच्या कडेनं घाला, पिल्लू उताणं धरू नका, घोट गिळला की पुढचा द्या. घाई केली तर पाणी फुप्फुसात जातं. आईचं दूध तोडू नका.

आता साल. सावलीत वाळवलेल्या डाळिंबाच्या सालीची भरड १० ग्रॅम, पाणी २०० मिली. मंद आचेवर निम्मं आटवा, फडक्यातून दोनदा गाळा, कोमट झाल्यावर पिल्लामागे २ मिली, सकाळ-संध्याकाळ, तीन दिवस. रोज ताजा काढा करा. बेल घ्यायचं तर कच्चं फळ. गराच्या चकत्या वाळवून याच मापानं काढा करा. पिकलेल्या बेलानं पोट उलट मोकळं होतं. दोन्हींतला एकच काढा द्या. तुरट पदार्थ जास्त झाला तर पिल्लू दूध सोडतं. सुंठ, हळद या वयाला नकोच. काढ्यानं व्हायरस मरत नाही, हगवणीचा जोर थोडा कमी होऊ शकतो.

गोदाकाठ, नांदेड :
साखरेचं लक्षातच नव्हतं, बरं झालं विचारलं. ऊब किती ठेवावी? आणि लोहाचं इंजेक्शन राहिलंय.

उदगीरकर :
पिल्लांच्या कोपऱ्यात ३२ ते ३४ अंश. कोरडं गोणपाट, वर बल्ब. पिल्लं एकमेकांवर चढून झोपली तर ऊब कमी आहे, बल्बपासून लांब जाऊन पडली तर जास्त. फरशी ओली असेल तर बल्ब असूनही पिल्लू गार पडतं. लोह इंजेक्शननंच द्या, तोंडावाटे नको, सालीतलं टॅनिन (तुरट द्रव्य) ते बांधून ठेवतं. पण मलूल पिल्लाला आज टोचू नका, दिवस डॉक्टरांना ठरवू द्या.

माजलगाव वराहपालन :
एक तपासणी घरीच होते. ताज्या विष्ठेला निळा लिटमस कागद लावा. तांबडा झाला तर आम्ल, म्हणजे बहुधा व्हायरल. तांबडा लिटमस निळा पडला तर ई. कोलाय या जिवाणूचा संशय, तिथं डॉक्टरांकडून अँटिबायोटिक लागेल, काढ्यावर वेळ घालवू नका. आठ-दहा दिवसांच्या पिल्लांत पिवळी, लोण्यासारखी हगवण असेल तर कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) तपासा. आणि डुकरिणीलाच जोराचा ताप, कानावर निळे-तांबडे चट्टे आले तर हा आजार वेगळा, लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

गोदाकाठ, नांदेड :
शेजारच्या खणात दोन गाभण आहेत, त्यांचं काय?

उदगीरकर :
त्यांचं काम आधी उरका, आजारी खणाचं शेवटी. बूट, घमेलं, झाडू वेगळे. मेलेलं पिल्लू चुना टाकून खोल पुरा. हगवण लागून २४ तास व्हायच्या आत ताजी विष्ठा स्वच्छ डबीत घ्या, बर्फात ठेवा आणि परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात विचारून पाठवा. जुन्या हगवणीच्या नमुन्यात व्हायरस सापडणं अवघड जातं.