ऐतिहासिक कादंबऱ्या आता झेपत नाहीत, माझंच काही चुकतंय का?

सराफ्यातला_उशिरा:
मी इंदूरचा, घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. वाचनाची सुरुवात आजोबांच्या कपाटातल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांनी झाली आणि बारावीपर्यंत दुसरं काही वाचलंच नाही म्हटलं तरी चालेल. आता चाळिशीत परत घेतल्या तर जमेचना. साधं पाणी मागायचं तरी माणूस चार ओळी बोलतो, समया मंद तेवत असतात, दर तिसऱ्या पानाला कुणाचे तरी डोळे पाणावतात. आणि लोक ह्यालाच इतिहास समजतात हो! ना. सं. इनामदारांचंच घ्या, 'झुंज'मधे यशवंतराव होळकर नायक आणि 'मंत्रावेगळा'मधे दुसरा बाजीराव नायक. ह्याच बाजीरावाच्या कारकिर्दीत यशवंतरावांच्या भावाला, विठोजीला, १८०१ मधे पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. मग आपण रडायचं कुणासाठी? त्यापेक्षा नेमाड्यांची 'कोसला' परवडली, १९६३ची असूनही तिचा नायक पांडुरंग सांगवीकर अजून शेजारच्या खोलीत राहतो असं वाटतं.

मल्हारगंजची_मावशी:
दोघांसाठी रडा, कोण अडवतंय! एकच लेखक दोन्ही वैऱ्यांच्या घरात जाऊन बसतो ही तर कमाल झाली, तुम्ही ती दोष म्हणून काय सांगताय.
दुसरं म्हणजे तुमचा पांडुरंग खानदेशातून निघाला तो पुण्याला गेला, 'बारोमास' वाचली तर विदर्भातली शेती, सगळं उत्तमच आहे पण आपण कुठेयत त्यात? सकाळी पोहे-जलेबी खाणारा, आईशी मराठीत भांडणारा आणि भाजीवाल्याशी हिंदीत घासाघीस करणारा माणूस आजच्या मराठी कादंबरीत मला तरी भेटला नाही. आपलं गाव मराठी पुस्तकात येतं ते होळकरांचं बोट धरूनच. माझ्या पुण्याच्या नणंदेला यशवंतराव म्हणजे फक्त पुणं लुटणारा माहीत. २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरला शिंदे-पेशव्यांची फौज त्यांनी का मोडली, त्याआधी काय काय झालं होतं, हे तिला मी 'झुंज' वाचायला दिल्यावर कळलं. नंतर फोनवर बराच वेळ गप्पच होती.

कागदवाला:
नणंदेला कादंबरी देऊन इतिहास शिकवला म्हणजे एक गैरसमज काढून दुसरा घातला. मोडी शिका, पत्रं वाचा.

मल्हारगंजची_मावशी:
शिकते की, गुडघ्याचं ऑपरेशन होऊ द्या.

सराफ्यातला_उशिरा:
मावशी, गावाचा मुद्दा लागला बरं का. पण मग तक्रार आजच्या लिहिणाऱ्यांकडे करायची ना, त्यासाठी समया का सहन करायच्या? आणि कागदवाले भिया, पत्रात माणूस घाबरला होता का ते कुठे लिहिलेलं असतं? बाजीराव त्या लढाईनंतर पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईला इंग्रजांशी तह करून बसला, एवढं कागद सांगतील. त्या दोन महिन्यांत त्याला झोप लागत होती का, हे कादंबरीवाल्यानेच सांगायचं. माझं भांडण तिथे नाहीच, भांडण भाषेशी आहे. झोप लागत नाही तर लागत नाही म्हणा, 'निद्रादेवी रुसली' कशाला?

कागदवाला:
हे मान्य. पण तुमच्या त्या 'शेजारच्या खोलीतल्या' कादंबऱ्यांची नक्कल करणारे पण कंटाळवाणेच झालेत, सगळे हॉस्टेलवर सिगरेट ओढत वैतागलेले. समयांच्या जागी सिगरेट आली, एवढंच.

मल्हारगंजची_मावशी:
😄 आमच्या वाचनालयात 'झुंज'ची एक जुनी प्रत आहे, बाइंडिंग निघालेलं, दोऱ्याने बांधलेली. लढाईच्या पानावर समासात कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय 'असे बोलले नसतील'. खाली दुसऱ्या अक्षरात, 'मग कसे बोलले असतील ते लिहा'. आणि त्याखाली पहिल्याच अक्षरात खरंच दोन ओळींचा संवाद आहे, आपल्या इंदुरी मराठीत, 'करून राहिले' वगैरे सकट. पुस्तकातल्यापेक्षा बरा वाटला मला.

सराफ्यातला_उशिरा:
कोणतं वाचनालय? आणि पान नंबर सांगा, शनिवारी जातो.