सीटीआर तिप्पट झाला, गच्च्या तेवढ्याच

गच्चीवाला, मुलुंड
वॉटरप्रूफिंगची कामं घेतो. एप्रिल-मे हाच आमचा सीझन, पाऊस लागला की गच्चीला हात लावता येत नाही. गूगलच्या जाहिराती बघणारा मुलगा दर शनिवारी रिपोर्ट पाठवतो. परवा त्यात मोठा हिरवा बाण: सीटीआर ३ टक्क्यांवरून ९ वर. म्हणजे शंभरदा जाहिरात दिसली की नऊदा क्लिक. काय केलं विचारलं तर मथळा बदलला म्हणे, 'गळती? आजच मोफत तपासणी'. क्लिकचे पैसे तिप्पट गेले. कामं गेल्या महिन्यात चार, याही महिन्यात चार. सीटीआर म्हणजे जाहिरातीचा दर्जा, हे मला मान्य नाही. दुकानात डोकावणाऱ्यांनी गल्ला भरत नाही.

क्लिकमास्तर
दादा, सीटीआरला झोडपू नका, लहान धंद्याला तोच तारतो. १९९८ मध्ये गोटू डॉट कॉम या सर्च साइटने हा बोलीचा बाजार मांडला, म्हणजे एका क्लिकला किती देणार ते सांगायचं. तेव्हा ज्याची बोली मोठी तो वर. गूगलने २००२ मध्ये बोलीच्या जोडीला सीटीआर धरला. समजा तुमची बोली ४० रुपये आणि सीटीआर ५ टक्के. हजार वेळा दिसलात तर ५० क्लिक, २००० रुपये. मोठ्या कंपनीची बोली ८०, पण सीटीआर २ टक्के, म्हणजे १६००. वर तुम्ही! निम्म्या बोलीत.

हिशेबनीस
उदाहरण तुमचंच, पण ते २००० रुपये कोणाच्या खिशात गेले? क्लिक विकणाऱ्याला जास्त क्लिक होणारी जाहिरात 'चांगली' वाटणारच. हा दर्जा त्याच्या गल्ल्यावरून ठरलेला आहे, गच्चीवाल्यांच्या नाही.

क्लिकमास्तर
अर्धंच खरं. १ ते १० चा क्वालिटी स्कोअर असतो, त्यात अपेक्षित सीटीआरसोबत जाहिरात शोधाशी जुळते का आणि पुढचं पान कसं आहे, हेही येतं.

बी विंग, परळ
पुढच्या पानाबद्दल मी सांगते, कारण क्लिक करणारी मी आहे. हॉलच्या छताला चपातीएवढा ओलाव्याचा डाग आला, म्हणून अशीच एक 'मोफत तपासणी' दाबली. उघडलं काय, तर झुरळं, रंगकाम, सोफा धुणे, आणि सगळ्यात खाली गळती. आधी मोबाइल नंबर द्या! दिला. तीन दिवस फोन थांबेनात, आणि त्यातले दोन सोफ्यासाठी. माझ्या त्या क्लिकनेही कोणाच्या तरी रिपोर्टात बाण हिरवा झाला असेल.

गच्चीवाला, मुलुंड
ताई, बरोबर बोललात. काल रात्री लोक काय टाइप करून आले त्याची यादी उघडली. 'वॉटरप्रूफिंग जॉब ठाणे'. 'निळी ताडपत्री भाव'. आणि ढिगाने 'गच्ची गळती खर्च सोसायटी की सभासद'. म्हणजे लोकांची भांडणं सोसायटीशी, पैसे माझे!

क्लिकमास्तर
मग दोष सीटीआरचा नाही, ब्रॉड मॅच, म्हणजे मिळत्याजुळत्या शोधांनाही जाहिरात दाखवणं, मोकाट सोडल्याचा. जॉब, ताडपत्री, सोसायटी हे शब्द निगेटिव्हमध्ये टाका, म्हणजे त्या शोधांना जाहिरात दिसणार नाही.

गच्चीवाला, मुलुंड
सोसायटी कसं टाकू? मोठी कामं तर सोसायट्यांचीच असतात. धंदा माहीत नसताना शब्द कापायला बसलं की असं होतं. जॉब आणि ताडपत्री काढले. आणि मथळ्यात सरळ लिहिलं, 'काम २५ हजारांपासून'.

क्लिकमास्तर
सीटीआर पडेल, स्कोअर उतरेल, मग एकेक क्लिक महाग पडेल. तेव्हा आठवण काढा माझी.

हिशेबनीस
पडू द्या की. तो स्कोअर लिलावात थेट धरत नाही, निदानापुरता आहे, असं गूगलच सांगतं.

क्लिकमास्तर
आकडा धरत नाहीत, पण त्यामागच्या गोष्टी दर लिलावात मोजतात. ताप थर्मामीटरमुळे येत नाही, म्हणून काय ताप नसतो?

गच्चीवाला, मुलुंड
दहा दिवसांनी लिहितोय. सीटीआर ४ वर आला. क्लिक खरंच महागला, मास्तर जिंकले. फोन कमी, पण 'किती घेता' विचारून ठेवून देणारे गेले. दोन कामं ठरली. त्यातलं एक भांडुपच्या सेक्रेटरींचं. कसे आलात विचारलं, तर म्हणाले, 'खर्च कोणी करायचा ते शोधत होतो. उपविधी वाचले, गच्चीचा खर्च सोसायटीचाच निघाला. मग तुम्हालाच फोन लावला.'

क्लिकमास्तर
आणि मी तो शब्द कापायला सांगत होतो. असो. पण सीटीआर ४ फारच कमी आहे, मथळा पुन्हा बघू.