मदत हवी आहे: बी.एस्सी.च्या मुलांसाठी जेनेटिक्सचं कोणतं पुस्तक घ्यावं?

नमस्कार मंडळी. मी शहाद्याकडे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. लायब्ररीसाठी जेनेटिक्सचं एकच पुस्तक, पण भरपूर प्रती घ्यायच्या आहेत. बरीच मुलं मराठी माध्यमातली, काही सातपुड्यातल्या पाड्यांवरची. डोकं तल्लख, पण लांबलचक इंग्रजी वाक्यांत अडकतात.

पिअर्स आणि क्लग-कमिंग्ज यांची पाठ्यपुस्तकं चाळली. पिअर्समधली पायरीपायरीने सोडवलेली गणितं फार आवडली, पण दोन्ही जाडजूड.

मला मेंडेलच्या ३:१ या आनुवंशिकतेच्या प्रमाणावरून थेट सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर नेणारं पुस्तक हवंय. आमच्या आदिवासी भागात हा आजार खूप आढळतो. बीटा-ग्लोबिनच्या (हिमोग्लोबिनमधल्या एका प्रथिनाच्या) जनुकात जीएजी या डीएनएच्या तीन अक्षरांचं जीटीजी होतं, एवढाच बदल! आईवडील दोघंही वाहक (एकच सदोष जनुक असलेले, स्वतःला आजार नसलेले) असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची २५ टक्के शक्यता असते. 'पहिल्याला झाला, म्हणजे पुढची तिघं सुटली' असं वर्गात मुलं ठामपणे सांगतात. हा गैरसमज लग्नाच्या वयाआधी गेलाच पाहिजे.

सोपं इंग्रजी, उत्तरांसकट गणितं आणि परवडणारी भारतीय आवृत्ती असलेलं पुस्तक कोणी प्रत्यक्ष शिकवताना वापरलंय का? जुनी आवृत्ती चालेल का? मराठी संज्ञा देणारं जोडपुस्तक माहीत असेल तर तेही सांगा.